विकलन: आधी वाचन, मग सूत्र

अकरावी-बारावीच्या पातळीवर विकलन ही एक बंदिस्त व्यवस्था आहे. क्षचा घात, साइन, कोसाइन, ईचा घात, लॉग अशा पाच-सात मूळ फलनांचे विकलज पाठ असले आणि बेरीज, गुणाकार, भागाकार व फलनाच्या पोटात फलन या चार जोडण्यांचे नियम हाताशी असले, की या सामग्रीतून बांधलेल्या कोणत्याही पदावलीचा विकलज निघतो. पदावली कितीही लांबलचक असो, अडायला होत नाही. संकलनाची गोष्ट वेगळी. तिथे ईचा घात उणे क्ष² यासारखी साधी दिसणारी पदावलीसुद्धा परिचित फलनांत उत्तर देत नाही. विकलनाचे बहुतेक नियम लायब्निट्सने १६८४ साली लाइपझिगच्या 'अ‍ॅक्टा इरुडिटोरम' या नियतकालिकातल्या छोट्याशा लेखात छापून टाकले होते: बेरीज, गुणाकार, भागाकार, घात, मुळे. सिद्धता एकाचीही दिली नव्हती. संगणक बाल्यावस्थेत असतानाच, १९५३ साली, अमेरिकेतल्या दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे यंत्राकडून विकलन करून घेण्याचे प्रोग्रॅम लिहिले. आज ते काम फोनमधले अ‍ॅप क्षणात करते.

मग बारावीच्या मुलाने हे हाताने का करावे, हा प्रश्न रास्त आहे. सरावाने हात बसतो, हे नेहमीचे उत्तर तोकडे पडते. हात कशासाठी बसवायचा, ते त्यात येत नाही. विकलनाच्या तंत्रातला खरोखर शिकण्याजोगा भाग म्हणजे समोरची पदावली कशी बांधली आहे हे ओळखणे. सूत्र लावणे ही त्यानंतरची हमाली. आणि नेमका हा पहिला भागच सध्याची शिकवण्याची रीत मुलाच्या हातून काढून घेते.

ती कशी काढून घेते ते कोणत्याही गाइडमध्ये दिसते. उदाहरणे 'टाइप वन', 'टाइप टू' अशी लावलेली असतात. गुणाकाराच्या नियमाखाली वीस उदाहरणे, सगळी गुणाकाराची. भागाकाराखाली वीस, सगळी भागाकाराची. कोणता नियम लावायचा ते मथळ्यानेच सांगून टाकलेले. क्लासच्या फळ्यावर 'फर्स्ट इंटू डेरिव्हेटिव्ह ऑफ सेकंड, प्लस...' ही ओळ सुरात म्हटली जाते आणि मुले ती वहीत उतरवतात. वीस उदाहरणे सुटतात, पण ही पदावली आहे तरी काय, असा प्रश्न विसांतून एकदाही पडत नाही. मिसळीचा पेपर समोर आला की तोच विद्यार्थी साइन²क्ष आणि साइन क्ष² यांचे विकलज एकसारखे लिहितो, आणि गुण गेले की 'सिली मिस्टेक' म्हणून सोडून देतो. ती सिली मिस्टेक नाही. त्याने पदावली वाचलेलीच नाही.

वाचायची कशी, याला सोपी कसोटी आहे. क्षच्या जागी एखादी संख्या घेऊन कॅल्क्युलेटरवर किंमत काढायला बसावे आणि सर्वांत शेवटी कोणते बटण दाबावे लागते ते पाहावे. साइन²क्षमध्ये आधी साइन, मग वर्ग. म्हणजे ही मुळात एक वर्गपदावली आहे आणि तिच्या पोटात साइन आहे. साइन क्ष²मध्ये आधी वर्ग, शेवटी साइन, ही साइनपदावली. क्ष² गुणिले साइन क्षमध्ये शेवटची क्रिया गुणाकाराची. शेवटची क्रिया कळली की पहिला नियम ठरतो. मग आत उतरायचे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. नऊ क्रियांची पदावली असली तरी रीत बदलत नाही. हा क्रम अंगवळणी पडलेल्या मुलाला नियम आठवावा लागत नाही, पदावलीच तो सांगते. पदावली नीट वाचली की काही ठिकाणी ठरलेल्या नियमाची गरजही संपते. (क्ष² + १) भागिले क्ष असे उदाहरण आले की मुले सवयीने भागाकाराचे सूत्र काढून बसतात. खरे तर ते क्ष अधिक क्षचा व्यस्त आहे, आणि त्याचा विकलज एका ओळीत सुटतो.

अशा वाचनाच्या केंद्रस्थानी चेन रूल, म्हणजे फलनाच्या पोटातल्या फलनाचा नियम, येतो, कारण पोटातल्या फलनाशिवाय एकही दखल घेण्याजोगी पदावली नसते. आपल्याकडे मात्र तो उशिरा भेटतो. राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकात सीमा, सातत्य आणि मग फर्स्ट प्रिन्सिपल (सीमेच्या व्याख्येवरून विकलज), बेरीज, गुणाकार, भागाकार असा प्रवास होतो आणि वर्ष संपते. संयुक्त फलनाचे विकलन बारावीच्या दुसऱ्या भागाच्या पहिल्या प्रकरणात येते. एनसीईआरटीची मांडणीही ढोबळमानाने अशीच आहे. परिणामी गुणाकार आणि भागाकार हे विकलनाचे मुख्य नियम, आणि चेन रूल ही मागाहून आलेली, थोडी अवघड भर, असा मुलांचा ग्रह होतो. वस्तुस्थिती उलटी आहे. लॉगच्या साहाय्याने विकलन, अव्यक्त फलने, व्यस्त फलने, प्राचलातून विकलन ही बारावीची सारी उपकरणे चेन रूलचीच रूपे आहेत. १९८६ साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या लेखाने प्रसिद्ध झालेली आणि आज न्यूरल नेटवर्क शिकवण्यासाठी वापरली जाणारी बॅकप्रॉपगेशनची रीतही मुळात हाच नियम, थरामागून थर लावलेला.

नियम समजायला अवघड नाही. सायकलच्या पेडलच्या चक्राला ४८ दाते आणि मागच्या चक्राला १६ असतील, तर पेडल एकदा फिरले की मागचे चाक तीनदा फिरते. चाकाच्या एका फेरीत सायकल दोन मीटर जात असेल, तर पेडलच्या एका फेरीत सहा मीटर. दरांचा गुणाकार होतो, एवढेच. पुस्तकी सिद्धता मात्र मधल्या राशीतल्या बदलाने भागते, आणि तो बदल मध्येच शून्य झाला तर काय, ही शंका हुशार विद्यार्थी हमखास काढतो. त्याला गप्प बसवण्यापेक्षा काराथिओडोरी या गणितज्ञाची व्याख्या सांगावी: एखाद्या बिंदूपासूनचा फलनातला फरक म्हणजे क्षमधला फरक गुणिले त्या बिंदूत सतत असलेले एक फलन, आणि त्या फलनाची त्या बिंदूतली किंमत म्हणजे विकलज. इथे भागाकारच नाही, त्यामुळे शून्याची भीतीही नाही. एक फरक दुसऱ्यात ठेवला की चेन रूल दोन ओळींत पडतो. ही व्याख्या ज्युनियर कॉलेजच्या आवाक्यातली आहे. तिथल्या पुस्तकांत ती का दिसत नाही, हे कोडेच आहे.

गुणाकाराच्या नियमात मुले कुठे चुकतात ते ठरलेले असते: दोघांचे वेगवेगळे विकलज काढून ते एकमेकांना गुणतात. या चुकीवरून त्यांना खजील करण्याचे कारण नाही. ११ नोव्हेंबर १६७५च्या टिपणात खुद्द लायब्निट्सने हाच प्रश्न स्वतःला घातला होता, आणि साध्या उदाहरणावर तपासून उत्तर नकारार्थी दिले होते. वर्गात तेच करता येते. १० सेंमी लांब, ६ सेंमी रुंद आयत घ्यावा. दोन्ही बाजू ०.१ सेंमीने वाढवल्या की क्षेत्रफळ ६०वरून ६१.६१ चौ. सेंमी होते. वाढ १.६१. तिची फोड केली की एका कडेची पट्टी १, दुसऱ्या कडेची ०.६ आणि कोपऱ्यातला इवलासा चौकोन ०.०१. दोन पट्ट्या म्हणजे नियमातली दोन पदे. कोपरा वाढीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने वाढ लहान होत गेली की पट्ट्यांच्या कितीतरी आधी नगण्य होतो. मुलाने जो 'विकलजांचा गुणाकार' लिहिला होता, तो या आकृतीत त्या नगण्य कोपऱ्यातच सापडतो. सूत्र शंभरदा घोकून जे होत नाही ते या एका आयताने होते.

भागाकाराचे सूत्र वेगळे पाठ करायची तर गरजच नाही. भागाकार गुणिले छेद म्हणजे अंश, हे लिहून गुणाकाराचा नियम लावला की ते आपोआप सुटे होते. अंशात कोण आधी आणि उणे चिन्ह कुठे, यावर रचलेली सगळी यमके मग निकामी होतात.

मूळ फलनांच्या विकलजांचे कोष्टक पाठ असायलाच हवे. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. मात्र कोष्टकातली एक ओळ नेहमी अर्धवट शिकवली जाते. साइनचा विकलज कोसाइन, हे कोन रेडियनमध्ये मोजला तरच खरे. कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर ठेवून ०.००१चा साइन काढला आणि ०.००१ने भागला तर १ येत नाही, ०.०१७४५ येते, म्हणजे पाय भागिले १८०. रेडियन का घ्यायचे याचे याहून सरळ उत्तर नाही, आणि अकरावीच्या त्रिकोणमितीत रेडियन 'दुसरे एक एकक' म्हणून येऊन गेलेले असल्याने ते देण्याची जागा इथेच आहे. याच ओळीला महाराष्ट्राशी जुळलेला इतिहासही आहे. भास्कराचार्यांनी ११५०च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहाची तात्कालिक गती काढताना, दोन जवळच्या कोनांच्या ज्यांमधला (साइनमधला) फरक कोटिज्येच्या (कोसाइनच्या) प्रमाणात असतो, हे वापरले. ग्रहाच्या स्थानातली दुरुस्ती जिथे कमाल होते तिथे तिच्या बदलाचा वेग शून्य होतो, हेही नोंदवले. त्यांचा नातू चंगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. यावरून कलनशास्त्र भारतात सुरू झाले, असा दावा करायला निघू नये. भास्कराचार्यांकडे विशिष्ट फलनाच्या बदलाचा दर होता; कोणत्याही पदावलीला लागू पडणारे नियम नव्हते. आणि या लेखाचा विषय तेच नियम आहेत.

फर्स्ट प्रिन्सिपलबद्दल दोन टोकांची मते आढळतात. एका मताने तेच खरे गणित आणि सूत्रे म्हणजे पोपटपंची. १९८६ साली न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात भरलेल्या परिषदेपासून अमेरिकेत कलन शिकवण्याच्या सुधारणेची जी चळवळ उभी राहिली, तिचा एक प्रवाह या बाजूला झुकला: आलेख, तक्ते, शब्द यांना महत्त्व, बैजिक खटपटीला कात्री. दुसऱ्या मताने फर्स्ट प्रिन्सिपल हा काही गुणांचा प्रश्न. तो सोडवून पुढे जावे. दोन्ही मते संकल्पना आणि तंत्र हे दोन वेगळे कप्पे धरून चालतात. आयताच्या उदाहरणात ते कुठे वेगळे राहतात? तिथे बदलाचा पहिल्या दर्जाचा भाग म्हणजेच विकलज ही संकल्पना आणि गुणाकाराचा नियम हे तंत्र एकाच आकृतीत आहेत. फर्स्ट प्रिन्सिपलने प्रत्येक फलनाचा विकलज काढत बसणे वेळखाऊ खरेच. क्ष², क्षचा व्यस्त, वर्गमूळ आणि साइन एवढे चार काढून नियम मात्र सगळे सिद्ध करावेत, ही वाटणी अधिक फलदायी ठरते. नेहमी होते याच्या नेमके उलट: फलने डझनभर आणि नियम 'सिद्धतेशिवाय'.

वाचनाची खरी परीक्षा क्षचा क्षवा घात या पदावलीत होते. तिच्यावर मुले दोन प्रकारे चुकतात. काही जण घाताचा नियम लावतात: घातांक खाली आणायचा, एकने कमी करायचा, उत्तर क्ष गुणिले क्षचा (क्ष – १)वा घात, म्हणजे पुन्हा मूळ पदावलीच. दुसरे घातांकी फलनाचा नियम लावतात: पदावली गुणिले लॉग क्ष. पहिल्यांनी घातांक स्थिर धरला, दुसऱ्यांनी पाया. फळ्यावर दोन्ही चुका शेजारी-शेजारी लिहाव्यात आणि क्ष = २ घ्यावे. पहिले उत्तर ४, दुसरे २.७७. आता कॅल्क्युलेटरवर २.०१चा २.०१वा घात काढला तर ४.०६८४ येतो, ०.०१च्या वाढीला ०.०६८४ची वाढ, म्हणजे दर ६.८४च्या आसपास. दोन्ही चुकीच्या उत्तरांची बेरीज ६.७७. पाऊल आणखी लहान घेतले की आकडा याच संख्येकडे सरकतो. बरोबर उत्तर म्हणजे या दोन चुकांची बेरीज! कारण क्ष दोन जागी आहे, दोन्ही जागी बदलतो, आणि प्रत्येक जागेचा वाटा वेगळा मोजून मिळवायचा आहे. आयताच्या दोन पट्ट्यांमागचे कारणही हेच. लॉग घेऊन हे उदाहरण चार ओळींत सुटते आणि परीक्षेत तसेच सोडवावे. पण ही बेरीज एकदा पाहिलेला विद्यार्थी पाया आणि घातांक यांची गल्लत पुन्हा करण्याची शक्यता कमी.

बोर्डाचे आणि सीईटीचे लाडके प्रकरण म्हणजे व्यस्त त्रिकोणमितीय फलने. साइन इन्व्हर्सच्या कंसात २क्ष भागिले (१ + क्ष²) असे दिलेले असते. क्ष = टॅन थीटा मानायचे, कंसात साइन २थीटा होतो, साइन इन्व्हर्स आणि साइन एकमेकांना खातात, उत्तर २ भागिले (१ + क्ष²). युक्ती देखणी आहे, म्हणूनच तिच्यावर लक्ष ठेवावे लागते. क्षची किंमत वर्गमूळ ३ घेऊन पाहावे. कंसातली संख्या वर्गमूळ ३ भागिले २ होते आणि तिचा साइन इन्व्हर्स ६० अंश. 'दोन थीटा' मात्र १२० अंश. साइन आणि साइन इन्व्हर्स इथे एकमेकांना खात नाहीत, कारण साइन इन्व्हर्सची किंमत उणे ९० ते ९० अंशांच्या बाहेर जातच नाही. क्ष १पेक्षा मोठा किंवा उणे १पेक्षा लहान असला की खरा विकलज उणे चिन्हाचा असतो. हे समजायला सिद्धता लागत नाही. कंसातली राशी क्ष = १ला १, क्ष = २ला ०.८, क्ष = ३ला ०.६, फलन उतरत चालले आहे आणि उत्तर धन दर सांगते आहे. कित्येक प्रश्नपत्रिका क्षची मर्यादा न देताच हा प्रश्न विचारतात आणि क्षेत्राच्या एका भागावरच खऱ्या असलेल्या उत्तराला पूर्ण गुण देतात. पाठ्यपुस्तकात मर्यादा छापलेली असते तेव्हाही वर्गात ती वाचली जात नाही, कारण उत्तरावर तिचा परिणाम होतो हे कोणी दाखवलेलेच नसते.

अव्यक्त फलन आणि प्राचल यांवर वेगळे सांगण्यासारखे थोडेच. दोन्ही ठिकाणी कोणती राशी कोणाच्या पोटात आहे हे कळले, म्हणजे यचा वर्ग हा क्षचे फलन असलेल्या यचा वर्ग आहे हे दिसले, की उरते ती आकडेमोड. दुसऱ्या दर्जाचा विकलज प्राचलातून काढताना मुले वरच्या आणि खालच्या राशीचे दुसरे विकलज घेऊन त्यांचा भागाकार करतात. तिथेही चूक वाचनाचीच.

या मांडणीवर शिक्षकांचा आक्षेप वेळेचा असतो, आणि तो पोकळ नाही. राज्याच्या सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात; एका प्रश्नाला दोन मिनिटेही मिळत नाहीत. अशा वेळी शेवटची क्रिया कोणती, असे विचारत बसायला सवड कुठली? टाइप ओळखला, सूत्र टाकले, पर्याय रंगवला, हेच व्यवहार्य. पण टाइपची यादी जितकी लांब, तितका ओळखण्यात वेळ जातो, आणि यादीबाहेरचा प्रश्न आला की गाडी पूर्ण थांबते. चार नियम आणि वाचायची एक रीत हे त्याहून हलके ओझे आहे. वेळ लागतो तो सुरुवातीचे काही आठवडे. शिवाय विकलनातली वेगाची समस्या बहुतेकदा विकलनाची नसतेच. अपूर्णांक, घातांकांचे नियम आणि कंस सोडवणे दहावीपर्यंत कच्चे राहिलेले असते, आणि सूत्र अचूक लावूनही उत्तर तिथे अडते. ते ओझे कलनाच्या तासावर टाकल्याने तो तासच बदनाम होतो.

व्यवहारात बदल फार मोठे लागत नाहीत. पहिल्या आठवड्यात विकलज न काढता केवळ पंधरा-वीस पदावल्यांची शेवटची क्रिया आणि तिच्या आतली रचना लिहून घेता येते. सगळ्या नियमांची ओळख झाल्यावर स्वाध्याय मिसळीचा द्यावा, मथळ्याशिवाय. सुरुवातीला चुका वाढतील, आणि त्या वाढाव्यातच, कारण निवड मुलाच्या हाती आली याची ती खूण आहे. अकरावीच्या शेवटच्या प्रकरणात (२क्ष + ३)चा पाचवा घात आणि साइन ५क्ष एवढ्यापुरता का होईना चेन रूल आणला तर बारावीत तो परका वाटणार नाही. प्रत्येक दहा उदाहरणांत एकाची संख्येने पडताळणी कॅल्क्युलेटरवर करायला लावावी. आणि प्रश्नपत्रिकेत दोन नव्या जातीचे प्रश्न यावेत. एकात पाच पदावल्या द्याव्यात आणि कोणता नियम सर्वांत आधी लागेल एवढेच विचारावे, विकलज मागू नये. दुसऱ्यात एक सोडवलेले पण चुकलेले उदाहरण द्यावे, क्षला सोयीची किंमत देऊन चूक आहे हे दाखवायला आणि नेमकी कोणत्या पायरीवर झाली ते सांगायला लावावे. स्टेप मार्किंगच्या चौकटीत हे दोन्ही प्रश्न बसतात, तपासायलाही सोपे जातात, आणि गाइडमधून पाठ करता येत नाहीत.